भावंडांचे बहिरेपण आणि रातांधळेपणा : अशर सिंड्रोमची ओळख

समाजाच्या उन्नतीचा विषय निघाला की आपण शिक्षणाविषयी बोलतो, नोकरीविषयी बोलतो, हक्कांविषयी बोलतो. घरातील आजाराविषयी मात्र फारसे बोलत नाही. त्यातून तो आजार वंशपरंपरेने आलेला असेल, तर त्याचा उच्चारही होत नाही. ‘उद्या मुलीचे लग्न जमवायचे आहे, चार लोकांत कशाला सांगायचे?’ असा विचार वडीलधारी माणसे करतात आणि जे वेळीच कळावयास हवे ते वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने एका दुर्मिळ परंतु समजून घेण्यासारख्या आनुवंशिक विकाराची माहिती सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांसमोर आणा. थोरली मुलगी जन्मतःच बहिरी. तिला चालावयास लागण्यासच दोन वर्षे लागली. आईवडिलांनी तिला मूकबधिर विद्यालयात घातले. ती खुणांची भाषा शिकली, चित्रे काढू लागली, हुशार म्हणून शाळेत तिचे नाव झाले. मधला मुलगा निरोगी. धाकटा दीड वर्षाचा; तोही ऐकत नाही. आता थोरली अकरा वर्षांची आहे. दिवेलागणीनंतर ती दाराच्या चौकटीला आपटते, जमिनीवर ठेवलेल्या तांब्याला तिचा पाय लागतो, वीज गेली की ती जागची हलत नाही. आई म्हणते, ‘लक्ष कुठे असते हिचे?’ वडील म्हणतात, ‘धांदरट आहे.’ शेजारची म्हातारी म्हणते, ‘मागच्या जन्मीचे काहीतरी असेल.’ कोणी तरी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून देतो. तिचे डोळे मात्र कोणी नीट तपासत नाही. कारण बहिरेपण हा कानाचा दोष आणि अंधारात न दिसणे हा डोळ्यांचा, या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, असे सर्वांना वाटते.

संबंध आहे. जन्मापासूनचे बहिरेपण आणि पुढे हळूहळू कमी होत जाणारी दृष्टी ही दोन्ही लक्षणे एकाच मुळातून निघू शकतात. या लक्षणसमूहास ‘अशर सिंड्रोम’ असे नाव आहे.

या विकाराचा शोध

इ. स. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आतील पडदा पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. तोपर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतील भाग वैद्यांना नीट दिसतच नव्हता. या उपकरणामुळे काही रुग्णांच्या दृष्टिपटलावर काळसर रंगद्रव्याचे ठिपके पसरलेले दिसले. या विकारास ‘रेटिनायटिस पिगमेंटोझा’ म्हणतात. १८५८ साली बर्लिनचे प्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी अशा एका बहिऱ्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या दोन भावांनाही तेच दोन्ही दोष होते. म्हणजे या विकाराची पहिली नोंदच भावंडांची आहे.

पुढे तीन वर्षांनी, १८६१ साली, त्यांचे शिष्य रिचर्ड लीब्राइख यांनी बर्लिनमधील बहिऱ्या लोकांचे डोळे तपासले. त्यांना असे आढळले की, हे दोन्ही दोष एकत्र असलेले रुग्ण पुष्कळदा सख्खी भावंडे असतात आणि त्यांचे आईवडील अनेकदा एकमेकांचे रक्ताचे नातलग असतात. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्याच्या झाडांवरील निबंध १८६६ साली छापला गेला. त्यापूर्वी पाच वर्षे केवळ घरोघरच्या निरीक्षणातून लीब्राइख यांनी आनुवंशिकतेचा हा धागा पकडला होता, ही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. १९१४ साली स्कॉटलंडचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांनी अशा कुटुंबांचा तपशीलवार अभ्यास करून हा विकार आईवडिलांकडून मुलांकडे येतो हे मांडले आणि त्यांचेच नाव त्यास मिळाले.

हा विकार दुर्मिळ आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अंदाजानुसार दर एक लाख लोकांमागे ४ ते १७ जणांस तो असतो. परंतु आनुवंशिक कारणाने ज्यांचे कान आणि डोळे दोन्ही जातात, त्यांच्यापैकी सुमारे निम्मे याच विकाराचे असतात. येथे एक खुलासा करावासा वाटतो. बहिरेपण व अंधत्व म्हटले की आपणांस हेलन केलर आठवतात. त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात एका आजाराने गेली होती. तो आनुवंशिक विकार नव्हता. अशर सिंड्रोममध्ये दृष्टी एकदम जात नाही. ती वर्षानुवर्षे थोडी थोडी कमी होते. म्हणूनच येथे तयारीला वेळ मिळतो. तो वेळ वापरावयाचा की वाया घालवावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

कानात आणि डोळ्यांत काय बिघडते?

आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या टोकाला केसासारख्या तंतूंचा जुडगा असतो. ध्वनीच्या लहरींनी हा जुडगा हलला की मेंदूकडे संदेश जातो. जुडग्यातील तंतू एकमेकांशी अतिसूक्ष्म दोऱ्यांनी बांधलेले असतात. या दोऱ्या विशिष्ट प्रथिनांच्या बनलेल्या असतात. प्रथिन सदोष असेल तर जुडगा नीट बांधला जात नाही आणि ध्वनी येऊनही संदेश जात नाही. शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रियही आतल्या कानातच असते व तेथेही अशाच पेशी असतात. म्हणून अशी काही मुले उशिरा बसतात आणि उशिरा चालतात.

डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी मंद प्रकाशात आणि कडेचे पाहण्यासाठी, तर शंकुपेशी रंग व बारीक तपशील पाहण्यासाठी. याच प्रथिनांचे काम या पेशींतही असते. ती सदोष असली की प्रथम दंडपेशी हळूहळू मरू लागतात. त्यामुळे आधी रात्रीचे दिसेनासे होते. मग बाजूचे दिसणे कमी होते आणि एखाद्या नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसत राहते. समोरची ही नजर पुष्कळ जणांत चाळिशीपर्यंत किंवा त्याही पुढे टिकते. त्यामुळे असा मुलगा दिवसा पुस्तक वाचतो, सुईत दोरा ओवतो, पण बाजूने येणारी सायकल त्यास दिसत नाही. लोक म्हणतात, ‘हा सोंग करतो.’ तो सोंग करीत नाही.

या विकाराचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मूल जन्मतः जवळजवळ पूर्ण बहिरे असते, त्याचा तोल कच्चा असतो, आणि साधारण दहाव्या वर्षाच्या आत रातांधळेपणा सुरू होतो. दुसऱ्या प्रकारात जन्मतः मध्यम ते तीव्र बहिरेपण असते, तोल ठीक असतो, यंत्र लावून मूल बोलावयास शिकते, आणि नजरेचा त्रास बहुधा किशोरवयात ध्यानात येतो. तिसऱ्या प्रकारात मूल आधी ऐकते-बोलते आणि मग ऐकणे व पाहणे दोन्ही क्रमाने कमी होत जातात. हा तिसरा प्रकार फार थोड्या ठिकाणी आढळतो. फिनलंडमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. आमच्या उदाहरणातील मुलीची लक्षणे पहिल्या प्रकाराची आहेत.

दोघे निरोगी, तरी मुले बाधित कशी?

हा प्रश्न प्रत्येक आईवडील विचारतात. त्याचे उत्तर मेंडेलच्या नियमात आहे. आपल्या शरीरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. अशर सिंड्रोमला कारण होणारी निदान नऊ जनुके आज माहीत आहेत. त्यांतील पहिले जनुक १९९५ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील क्रिस्टीन पेती यांच्या गटाने अन्य संशोधकांच्या साहाय्याने ओळखले. एखाद्याकडे अशा जनुकाची एक प्रत सदोष व एक चांगली असेल, तर चांगल्या प्रतीवर शरीराचे काम भागते. तो मनुष्य निरोगी असतो. त्यास ‘वाहक’ म्हणतात. आपण वाहक आहोत हे त्याच्या गावीही नसते.

आई व वडील दोघेही एकाच जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चार शक्यता असतात. दोन्ही चांगल्या प्रती येणे, ही एक. एक चांगली व एक सदोष येणे, ही दोन प्रकारे घडते. दोन्ही सदोष येणे, ही चौथी. म्हणजे मूल बाधित होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि दोषापासून पूर्ण मुक्त असण्याची चारात एक. मुलगा असो वा मुलगी, शक्यता सारखीच.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. ‘चारात एक म्हणजे एक बाधित झाले, आता पुढची तीन चांगली होणार’, असे लोक समजतात. ते खरे नाही. नाणे उडविताना पहिल्या वेळी काटा पडला म्हणून दुसऱ्या वेळी छापाच पडेल असे नसते. प्रत्येक गरोदरपणात हिशेब नव्याने सुरू होतो. दोघे वाहक असलेल्या जोडप्यास चार मुले झाली, तरी चारही मुले विकारमुक्त असण्याची शक्यता शंभरात सुमारे ३२ असते; आणि दोन मुले झाली तर दोन्ही बाधित असण्याची शक्यता सोळात एक असते. म्हणून एकाच घरात दोन-तीन भावंडे बाधित दिसतात, तर दुसऱ्या घरात एकच. मधल्या निरोगी मुलाविषयी बोलावयाचे तर, तो बाधित नाही हे ठरल्यानंतर तो वाहक असण्याची शक्यता तिनात दोन आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी निःसंशय सिद्ध होतात. एक, दोष एकट्या आईचा नाही. बाधित मुलाच्या दोन सदोष प्रतींपैकी एक वडिलांकडून आलेली असते. सुनेला ‘तुझ्याच पायगुणाने’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दुसरी, यात मागच्या जन्मीचे पाप नाही, ग्रहण पाळले न पाळल्याचाही संबंध नाही. प्रत्येक गोष्टीस कारण असते आणि ते शोधता येते, अशी आपली शिकवण आहे. येथे ते कारण शोधलेही गेले आहे.

नात्यातील विवाहाचा प्रश्न

महाराष्ट्रात मामाची मुलगी करून घेण्याची रीत जुनी आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांच्या अभ्यासात तिची सविस्तर नोंद केली आहे. आपल्याही कुटुंबांत असे विवाह झालेले आहेत व त्यांतील बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी आहेत. तेव्हा कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हिशेब समजून घ्यावा.

समजा, आजोबा वाहक आहेत. त्यांच्याकडून त्यांच्या मुलीकडे सदोष प्रत येण्याची शक्यता दोनात एक. तिच्याकडून तिच्या मुलाकडे येण्याची पुन्हा दोनात एक, म्हणजे नातवापर्यंत चारात एक. हीच गोष्ट मामा व मामाच्या मुलीची. या आतेमामे भावंडांचा विवाह झाला तर दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक होते. परक्या कुटुंबातील मुलीकडे नेमके तेच जनुक सदोष असण्याची शक्यता पुष्कळच कमी असते. म्हणून ज्या कुटुंबात असा विकार आधी दिसला आहे, तेथे तरी नात्यातील विवाह टाळावा, आणि झालेला असल्यास मूल होण्यापूर्वी आनुवंशिकी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. नात्यात विवाह नसतानाही हा विकार होऊ शकतो, हेही विसरू नये.

तसेच, बाधित व्यक्तीने लग्नच करू नये, असे म्हणणे चुकीचे आहे. तिचा जोडीदार त्या जनुकाचा वाहक नसेल, तर मुले वाहक होतील, पण बाधित होणार नाहीत.

ओळखावे कसे?

आमचे सर्व सांगणे एका वाक्यात आणावयाचे तर असे : प्रत्येक कर्णबधिर मुलाचे डोळे तपासा, आणि एका मुलात हा विकार निघाला तर त्याच्या सर्व भावंडांना तपासा.

पालकांनी व शिक्षकांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात. बहिरे मूल दीड वर्ष उलटूनही चालत नाही. उन्हातून घरात आल्यावर बराच वेळ चाचपडते. संध्याकाळी खेळणे टाळते. खाली पडलेली वस्तू समोर असूनही शोधत राहते. बाजूने केलेली खूण त्यास कळत नाही. अंधारात जिन्यावर थबकते. अशा मुलाकडे ‘धांदरट’ म्हणून पाहू नये, नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

रातांधळेपणा म्हटले की आपल्याकडे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता प्रथम आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. ती कमतरता आपल्या देशातील बालकांत मोठी होती. तिच्यासाठी १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तो रातांधळेपणा औषधाने लवकर बरा होतो. जो बरा होत नाही, आणि तोही बहिऱ्या मुलात, त्याचे कारण वेगळे असू शकते. अशा वेळी मनाने जीवनसत्त्वाचे मोठे डोस देत राहू नये. त्याने यकृतास अपाय होतो.

बाळाची श्रवणचाचणी जन्मानंतर थोड्याच दिवसांत करता येते. त्यास काहीही दुखत नाही. दृष्टिपटलातील विद्युत्-संदेश मोजणारी ‘इलेक्ट्रोरेटिनोग्राम’ ही चाचणी दृष्टीत फरक जाणवण्यापूर्वीच दोष दाखवू शकते. रक्ताच्या नमुन्यावरून जनुकीय तपासणी करून नेमके कोणते जनुक सदोष आहे तेही कळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या पथकास ही शंका जरूर सांगावी. श्रवणदोषाच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे.

उपाय काय?

दृष्टी जाणे थांबविणारे सिद्ध औषध आज नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘खात्रीने बरे करतो’ म्हणून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहावे. २०१७ साली अमेरिकेत दृष्टिपटलाच्या एका वेगळ्या आनुवंशिक विकारावर जनुक-उपचार मंजूर झाला. अशरची काही महत्त्वाची जनुके मात्र इतकी लांब आहेत की, नेहमीच्या वाहक विषाणूत ती मावत नाहीत. संशोधन चालू आहे. आशा ठेवावी, पण तिच्या भरवशावर बसून राहू नये.

कारण करण्यासारखे पुष्कळ आहे. जन्मतः पूर्ण बहिऱ्या बालकास लहान वयात कॉक्लिअर इम्प्लांट बसविले आणि वाचा-प्रशिक्षण दिले, तर ते ऐकावयास व बोलावयास शिकू शकते. पुढे नजर कमी झाली तरी कान साथ देतात. ही शस्त्रक्रिया महाग आहे; तथापि केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र बालकांस साहाय्य मिळते. वय वाढले की लाभ कमी होतो, म्हणून येथे एकेक वर्ष मोलाचे आहे. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो.

ज्याची भाषा खुणांची आहे, त्याच्याशी बोलताना उजेडात उभे राहावे. अंगात एकरंगी कपडे असावेत. फार जवळ न जाता चार-पाच फुटांवरून, छातीसमोर हात ठेवून खुणा कराव्यात, म्हणजे त्या त्याच्या अरुंद नजरेत मावतात. घरातील सामानाची जागा बदलू नये. जिन्याच्या कडेला पांढरा पट्टा मारावा. विहिरीत, नदीत पोहण्यास एकटे सोडू नये. तोल कच्चा असल्याने पाण्याखाली वर कोठे व खाली कोठे ते अशा मुलास कळत नाही. नजर शाबूत असतानाच ब्रेल आणि काठी घेऊन चालणे शिकवावे. पुढे हातावर हात ठेवून स्पर्शाने खुणा ओळखण्याची पद्धतही शिकता येते. मुंबईत १९७७ साली सुरू झालेल्या हेलन केलर इन्स्टिट्यूटने बहिऱ्या-अंध मुलांच्या शिक्षणाचा पाया आपल्याकडे घातला.

कायद्याचाही आधार आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत बहिरे-अंधत्वाचा वेगळा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले व बहुविकलांगतेत बहिरे-अंधत्वाचा स्पष्ट समावेश केला. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात या गटासही स्थान आहे. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्रासाठी आधी निदान लागते. पुष्कळ मुलांजवळ केवळ बहिरेपणाचाच दाखला असतो.

शेवटी पुन्हा त्या घराकडे वळू. थोरलीची तपासणी झाली, निदान झाले, तर तिची गेलेली नजर परत येणार नाही. परंतु ती धांदरट नव्हती हे घराला कळेल, आणि तिलाही कळेल. मोठी झाल्यावर एके दिवशी अचानक समजण्यापेक्षा आईवडिलांच्या तोंडून समजुतीने कळलेले बरे. ती ब्रेल शिकेल, आपल्या शिक्षणाची दिशा आधीच ठरवील. आणि धाकटा अजून दीड वर्षाचा आहे. बहिणीच्या निदानामुळे त्याच्या आईवडिलांना कळेल की त्याचे कान आताच उघडले पाहिजेत. पुढे त्यास कानांवरच अधिक विसंबावे लागणार आहे. अंधार पडल्यावर खुणा दिसत नाहीत, पण आईची हाक ऐकू येऊ शकते.

आपल्या वस्तीत, नात्यात, शाळेत असे एखादे घर असेल. सभासदांनी तेथे जावे, धीर द्यावा, रुग्णालयापर्यंत सोबत करावी. विद्यार्थ्यांनी हा हिशेब पाटीवर मांडून घरच्यांना समजावून सांगावा. एवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.